२०२५च्या बेसबॉल हंगामाचा अंदाज: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

काम ठरले. मेजर लीग बेसबॉलचे तीस संघ २०२५च्या हंगामात किती सामने जिंकतील, ते आधी लिहून ठेवायचे आणि सप्टेंबरअखेर ताडून पाहायचे. आधी म्हणजे १८ मार्चच्या आत. यंदा हंगामाचा पहिला सामना टोकियोत आहे, डॉजर्स विरुद्ध कब्स. बाकीचे संघ २७ मार्चला मैदानात उतरतील.

बेसबॉलच का, तर एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. आयपीएलच्या साखळीत एका संघाचे चौदा सामने होतात. चौदा सामन्यांत एखादा संघ तळाला गेला तर तो खरोखर कमकुवत होता की दोन शेवटची षटके हातून निसटली, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. १६२ सामन्यांत नशिबाला वाव कमी राहतो, पण राहतोच. तो किती राहतो हे मला आकड्यात धरायचे आहे.

मांडणी अशी: दोन लीग, प्रत्येकीत तीन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच संघ. आपल्या डिव्हिजनमधल्या प्रत्येक संघाशी १३ सामने, म्हणजे एकूण ५२. उरलेले ११० बाकीच्या पंचवीस संघांशी. प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सर्वाधिक विजयांचे तीन. ऑक्टोबरच्या बाद फेरीत मी पडणार नाही. पाच-सात सामन्यांच्या मालिकेत काय होईल हा वेगळा प्रश्न आहे, आणि या प्रकल्पाचा तो नाही.

११ जानेवारी, शनिवार

आकडे गोळा केले. बेसबॉलवर काम करणाऱ्याला दोन मोठे आधार फुकट मिळतात. एक लाहमन डेटाबेस, ज्यात प्रत्येक हंगामाचे संघवार आणि खेळाडूवार तक्ते आहेत. दुसरा रेट्रोशीट. १९८९मध्ये डेव्हिड स्मिथ यांनी तो सुरू केला आणि स्वयंसेवकांनी जुनी स्कोअरबुके उलगडून एकेका सामन्याची नोंद संगणकात भरली. इतके कष्ट करून ते सगळ्यांसाठी मोकळे ठेवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्याकडच्या रणजी सामन्यांचे चेंडूवार काम कुणी असे लावून ठेवले तर किती जणांना उपयोग होईल.

आकडे वापरण्याआधी जमाखर्च जुळवून पाहिला. एका संघाने काढलेली धाव ही दुसऱ्या संघाने दिलेली असते, म्हणून तीसही संघांच्या काढलेल्या धावांची बेरीज दिलेल्या धावांच्या बेरजेइतकी आलीच पाहिजे. २०२४साठी दोन्ही बाजूंना २१,३४३. विजयांची बेरीज २,४२९. पूर्ण हंगामाचे सामने २,४३० होतात, मग एक कुठे गेला? गार्डियन्स आणि ॲस्ट्रोज यांचा शेवटच्या दिवसाचा सामना पावसाने रद्द झाला होता. निकालावर परिणाम होणार नव्हता, म्हणून तो पुन्हा खेळवला नाही. हिशोब पूर्ण जुळला.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस पायथागोरियन सूत्रावर. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेली ही गोष्ट आहे: संघाच्या विजयांपेक्षा त्याने काढलेल्या आणि दिलेल्या धावा त्याची ताकद जास्त खरी सांगतात. काढलेल्या धावांना दिलेल्या धावांनी भागायचे आणि त्या गुणोत्तराचा घात करायचा. त्या आकड्याला, त्यात एक मिळवून येणाऱ्या आकड्याने भागले की अपेक्षित विजयांचे प्रमाण मिळते. सुरुवातीला घातांक २ होता, म्हणून सूत्राला पायथागोरसचे नाव चिकटले. पुढे १.८३ जास्त चांगला बसतो असे दिसले. मीही तोच घेते आहे.

२०२४च्या नॅशनल लीग सेंट्रल डिव्हिजनमध्ये दोन संघ अगदी एका ओळीत संपले. शिकागो कब्स ८३ विजय, ७९ पराभव. सेंट लुई कार्डिनल्स ८३ विजय, ७९ पराभव. तक्ता पाहणाऱ्याला दोघे सारखेच.

आता धावा पाहू. कब्सनी ७३६ काढल्या आणि ६६९ दिल्या. गुणोत्तर १.१००, त्याचा १.८३ घात १.१९१, त्याला २.१९१ने भागले की ०.५४४. गुणिले १६२ म्हणजे ८८ विजय. कार्डिनल्सनी ६७२ काढल्या, ७१९ दिल्या. म्हणजे काढल्या त्यापेक्षा ४७ जास्तच दिल्या. सूत्र म्हणते ७६ विजय.

एकाच ओळीतले हे दोन संघ धावांच्या हिशोबात बारा विजयांनी लांब आहेत. कार्डिनल्सकडे रायन हेल्सली होता. शेवटच्या डावात येऊन थोडक्यातली आघाडी राखण्यात त्या वर्षी त्याच्याइतका कुणी यशस्वी नव्हता. अशा राखलेल्या सामन्याला सेव्ह म्हणतात, त्याचे ४९. असे काम करणारा चांगला क्लोजर असला की संघ एक-दोन धावांचे सामने जास्त जिंकतो, म्हणून सातातले थोडे विजय त्याच्या खात्यावर टाकता येतील. पण पुढच्या वर्षी संघाकडून काय धरायचे असे मला विचारले, तर मी ७६च्या बाजूने झुकेन. विजय हा सामन्याचा निकाल असतो. सामना ९-१ असो की २-१, तक्त्यात तो एकच. धावांमध्ये मात्र दोन्ही सामने वेगळे दिसतात, आणि पुढच्या वर्षासाठी तीच माहिती कामाची आहे.

आयपीएलच्या तक्त्यात नेट रन रेट असतो, पण तो गुण सारखे झाले तरच कामाला येतो. इथे मी उलटे करते आहे: धावा आधी, विजय नंतर.

२ फेब्रुवारी, रविवार

नशिबाचे माप. समजा तीसही संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे. तरीही सगळे ८१वर थांबणार नाहीत. १६२ नाणेफेकींचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप, ६.४ येते. म्हणजे नुसत्या योगायोगाने दोन तृतीयांश संघ ७५ ते ८७च्या दरम्यान पसरतील आणि एखाददुसरा नव्वदीलाही पोहोचेल. आपण त्याला मग ‘जिद्दी संघ’ म्हणू.

प्रत्यक्षात २०२४चा पसारा किती होता? विजयांचे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) १५०, म्हणजे प्रमाण विचलन १२.३. त्यातले योगायोगाचे प्रचरण ४०. उरलेले ११० हे संघांच्या खऱ्या ताकदीतल्या फरकाचे. ढोबळ बोलायचे तर तक्त्यातल्या फरकाचा पाव हिस्सा नशिबाचा.

एका संघामुळे हा आकडा फुगला आहे. शिकागो व्हाइट सॉक्स, ४१ विजय आणि १२१ पराभव. १९६२च्या मेट्सनी १२० सामने हरून केलेला आधुनिक काळातला विक्रम त्यांनी मोडला. मधे सलग २१ पराभव. त्यांना बाजूला ठेवले तर बाकीच्या एकोणतीस संघांचे विचलन १०वर येते. पण बाजूला ठेवायचे नाहीत. असे संघ असतात, आणि अंदाजाला त्यांनाही पेलता आले पाहिजे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पाया घातला. १९९८मध्ये लीग तीस संघांची झाली. तेव्हापासूनचे हंगाम घेतले, २०२० वगळले, कारण त्या वर्षी साठच सामने झाले. गेल्या वर्षीच्या पायथागोरियन विजयांवरून पुढच्या वर्षीचे खरे विजय किती सांगता येतात हे तपासले. उतार ०.६च्या जवळ आला. याचा अर्थ: संघ धावांच्या हिशोबात ८१च्या दहा विजय वर असेल, तर पुढच्या वर्षी त्याला सहा विजय वर धरायचा. दहा खाली असेल तर सहा खाली.

सगळे संघ मधोमध का सरकतात? थोडा वाटा नशिबाचा, तो पुढच्या वर्षी सोबत येत नाही. बाकीची कारणे खेळातलीच आहेत. वरचे संघ वयाने वाढतात, त्यांचे खेळाडू महाग होऊन निघून जातात. तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, आधी निवड मिळते आणि आपल्या तरुणांना खेळवायला मोकळीक असते.

व्हाइट सॉक्सनी ५०७ धावा काढल्या, ८१३ दिल्या. सूत्राप्रमाणे ४८ विजय, म्हणजे ४१ हे त्यांच्या दैन्याच्याही खाली होते. ८१पासून ३३ खाली, त्याचे ०.६ म्हणजे २० खाली. अंदाज ६१. एका वर्षात वीस विजयांची उडी वाचताना धाडसाची वाटते. पण ४१वर पुन्हा ४१ लिहिणे हेच जास्त धाडसाचे आहे. त्यासाठी सगळे वाईट पुन्हा एकदा तसेच जुळून यावे लागेल.

बाकी थोडे: डॉजर्स ९०, यँकीज ९०, ब्रुअर्स ८९.५, फिलीज ८८, कब्स ८५, मेट्स ८५, कार्डिनल्स ७८, ब्लू जेज ७६.५, रॉकीज ६७.५.

पाया इतकाच. यात एकाही खेळाडूचे नाव नाही. शेवटी तीन पद्धती शेजारी ठेवून मोजायचे: सगळ्यांना सरसकट ८१, गेल्या वर्षीचेच विजय जसेच्या तसे, आणि माझा अंदाज. पहिल्या दोघांना हरवता आले नाही तर पुढचे कष्ट व्यर्थ आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

खेळाडूंची ये-जा. भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो आणि मेट्सचा कट्टर आहे. काल फोनवर पाया दाखवला तर म्हणाला, “मावशी, ८५? अगं, सोटो आलाय! शंभर तरी धर.”

“अरे, एका माणसाने पंधरा सामने कसे वाढतील?”

“७६५ मिलियन डॉलर उगाच दिले का मग?”

हुआन सोटोचा करार पंधरा वर्षांचा आणि ७६.५ कोटी डॉलरचा आहे, हे खरेच. त्याचे मोल विजयांत मोजायला वॉर हे माप आहे. मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमधून, सहज बोलावता येईल अशा खेळाडूऐवजी हा खेळाडू घेतल्याने वर्षात किती विजय वाढले, ते वॉर सांगते. ढोबळ हिशोब दहा धावांना एक विजय. २०२४मध्ये सोटो आठच्या आसपास होता. आठ म्हणजे लीगमधल्या मोजक्या खेळाडूंच्या पंगतीतला. पण त्या जागेवर आधी खेळणारे शून्य नव्हते. शिवाय सोटोचे २०२४ हे त्याचे आतापर्यंतचे सर्वांत चांगले वर्ष होते, आणि संघांसारखे खेळाडूही मधोमध सरकतात. मेट्सना मी पाच विजय वाढवून दिले. भाचा नाराज आहे.

मापाचा तळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. नुसत्या बदली खेळाडूंचा संघ उभा केला तर तो १६२ पैकी ४८च्या आसपास सामने जिंकेल असे धरतात. तीस संघांचे ते विजय एकूण विजयांतून वजा केले की हजार उरतात, आणि ते हजार सगळ्या लीगच्या खेळाडूंमध्ये वाटले जातात. ४१ विजयांचे व्हाइट सॉक्स या तळाच्याही खाली गेले होते.

मग एकेक संघ हाताने पाहिला. डॉजर्सनी ब्लेक स्नेल आणि रोकी सासाकी घेतले, सहा वाढवले. रेड सॉक्सकडे व्हाइट सॉक्सचा गॅरेट क्रोशे आला आणि ॲलेक्स ब्रेगमनही, पाच वाढवले. क्रोशे गमावल्याबद्दल व्हाइट सॉक्सचे चार कापले. कब्सना काइल टकरचे चार. कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोर सोडून ॲरिझोनाला गेला, म्हणून ओरिओल्स तीन खाली आणि डायमंडबॅक्स तीन वर. ॲथलेटिक्सनी पिचर (चेंडू टाकणारे) घेतले, दोन वर. यँकीजकडून सोटो गेला, पण मॅक्स फ्रीड, कोडी बेलिंजर आणि डेव्हिन विल्यम्स आले. तूर्त जमाखर्च शून्यावर ठेवला.

याखेरीज दोन संघ यंदा आपल्या मैदानात नाहीत. मिल्टन चक्रीवादळाने ट्रॉपिकाना फील्डचे छत फाडले, म्हणून रेज टँपामध्ये यँकीजच्या सराव मैदानावर खेळतील. ॲथलेटिक्स ओकलंड सोडून वेस्ट सॅक्रामेंटोच्या मायनर लीग मैदानावर गेले. धावा वाढतील, पण दोन्ही बाजूंच्या. विजयांत काही धरले नाही.

१२ मार्च, बुधवार

यँकीजचा पिचर गेरिट कोल याच्या कोपरावर काल टॉमी जॉन शस्त्रक्रिया (तुटलेल्या लिगामेंटची) झाली. यंदाचा हंगाम त्याच्यासाठी संपला. पिचरच्या बाबतीत हे अंदाजाचे सर्वांत कच्चे ठिकाण आहे. ताशी दीडशे किलोमीटरहून वेगाने वर्षभर चेंडू टाकणाऱ्या कोपराचा लिगामेंट कधी तुटेल हे कुठलेच सूत्र सांगत नाही, आणि तुटला की वर्ष-सव्वा वर्ष गेले. यँकीजचे तीन कापले.

१६ मार्च, रविवार

अंदाज गोठवला. मी हाताने वाढवलेल्या आणि कापलेल्या विजयांची बेरीज पंधरा जास्त भरत होती. तीस संघ मिळून २,४३०हून जास्त सामने जिंकू शकत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा अर्धा विजय कापला. उत्साहाने वाटलेले विजय शेवटी कुणाच्या तरी ताटातून काढावे लागतात. हंगामाआधी प्रत्येक शहरात आशा असते आणि त्या सगळ्या आशांची बेरीज २,४३०पेक्षा खूप मोठी होते.

अमेरिकन लीग पूर्व: यँकीज ८६, रेड सॉक्स ८६, ओरिओल्स ८३, रेज ७६, ब्लू जेज ७६. मध्य: रॉयल्स आणि गार्डियन्स ८६, टायगर्स ८३, ट्विन्स ८१, व्हाइट सॉक्स ५७. पश्चिम: ॲस्ट्रोज ८६, मरिनर्स ८५, रेंजर्स ७७, ॲथलेटिक्स ७५, एंजल्स ७०.

नॅशनल लीग पूर्व: मेट्स ९०, फिलीज ८७, ब्रेव्ह्ज ८७, नॅशनल्स ७४, मार्लिन्स ६८. मध्य: ब्रुअर्स ८९, कब्स ८९, रेड्स ८१, कार्डिनल्स ७७, पायरेट्स ७६. पश्चिम: डॉजर्स ९५, डायमंडबॅक्स ८९, पाद्रेज ८६, जायंट्स ८०, रॉकीज ६७.

प्रत्येक आकड्याच्या दोन्ही बाजूंना नऊ विजयांचा पट्टा आहे. योगायोगाचे ६.४ आणि ताकद ओळखण्यातल्या अनिश्चिततेचे ६, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की नऊ येतात. दर तीन संघांतले दोन या पट्ट्यात पडायला हवेत. डॉजर्स ९५ म्हणजे ८६ ते १०४. ही रेघ मारताना हात जड होतो, कारण वाचणाऱ्याला एक ठसठशीत आकडा हवा असतो. पण पट्टा काढला तर जे उरते त्याला मी अंदाज म्हणणार नाही. यँकीज पहिले आणि रेड सॉक्स दुसरे या क्रमाला इथे काहीही वजन नाही. पूर्णांकात आणण्याआधी त्यांच्यात अर्धा विजय आहे आणि पट्टा अठरा विजयांचा.

१८ मार्च, मंगळवार

भारतीय वेळेप्रमाणे दुपारी तीन चाळीसला टोकियोतला सामना. अमेरिकेतले सामने आपल्याकडे मध्यरात्री नाहीतर पहाटे येतात, त्यामुळे भर दुपारी बेसबॉल पाहायला मिळणे हा दुर्मीळ योग. डॉजर्स ४, कब्स १.

१३ जून, शुक्रवार

सकाळी भाच्याचा निरोप: “मावशी, ४५-२४! सगळ्या लीगमध्ये पहिले! आता तरी आकडा बदल.”

गोठवलेला आकडा बदलायचा नाही, पण प्रश्न योग्य आहे: ६९ सामन्यांनंतर किती विश्वास ठेवायचा? मार्चचा अंदाज मेट्सना ०.५५४चा संघ म्हणत होता. ताकदीची अनिश्चितता सहा विजयांची धरली तर त्या अंदाजाला सुमारे १८० सामन्यांइतके वजन मिळते. ६९ सामन्यांचे ०.६५२ आणि १८० सामन्यांचे ०.५५४ एकत्र केले की ०.५८१ येतात. उरलेले ९३ सामने या दराने खेळले तर आणखी ५४ विजय, एकूण ९९. भाच्याला कळवले. त्याचे म्हणणे, “बघ, शंभर म्हणालो होतो.” कालच्या सामन्यात कोडाई सेंगाच्या मांडीचा स्नायू दुखावला, त्याची नोंद इथे करून ठेवते. तोपर्यंत तो मेट्सचा सर्वांत चांगला पिचर होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

हंगाम काल संपला. दिवसभर आकडे लावले.

आधी तीन पद्धतींची तुलना, दर संघामागे सरासरी किती विजयांनी चुकले ती. सगळ्यांना ८१: ८.७. गेल्या वर्षीचेच विजय: ७.३. गोठवलेला अंदाज: ५.९. आता ज्यासाठी इतका खटाटोप केला ते: खेळाडूंची नावेही नसलेला ९ फेब्रुवारीचा पाया: ५.८.

हाताने बदललेल्या नऊ संघांचे वेगळे मोजले. पायावर त्यांच्या चुकांची बेरीज ४५ विजय होती, बदलांनंतर ४४. रेड सॉक्स (८९) आणि कब्स (९२) यांच्या बाबतीत बदल उपयोगी पडले, डायमंडबॅक्स (८०) आणि मेट्स यांच्या बाबतीत उलटे गेले. बर्न्सच्या कोपरावर जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. करार, बदल्या, बातम्या वाचण्यात गेलेल्या वेळाने एका विजयाची भर घातली आणि अर्धा विजय कापण्यात तीही गेली. तज्ज्ञांच्या खेळाडूवार पद्धती माझ्या ढोबळ बेरीज-वजाबाकीपेक्षा पुष्कळ बारीक असतात, त्यांच्यावर हा निकाल नाही. पण आदल्या वर्षीच्या दोन आकड्यांत, काढलेल्या धावा आणि दिलेल्या धावांत, किती काही सामावलेले असते हे मला आता तीस संघांवर दिसले.

कब्स ९२, कार्डिनल्स ७८. ८३-७९च्या एका ओळीतले संघ चौदा विजयांनी लांब गेले. कार्डिनल्सचा पायावरचा आकडा ७८च होता. व्हाइट सॉक्स ६०, पायावर ६१.

पुढे जाणाऱ्या बारांपैकी आठ बरोबर. डिव्हिजन विजेते सहांपैकी दोनच, ब्रुअर्स आणि डॉजर्स. क्रमाला वजन नाही असे मार्चमध्ये लिहिले होते, ते असे दिसते.

आता पट्ट्याबाहेर गेलेले: ब्लू जेज, ट्विन्स, ब्रेव्ह्ज, मार्लिन्स, रॉकीज. तीसपैकी पाच. वीसच्या आसपास संघ आत असायला हवे होते, पंचवीस निघाले. म्हणजे पट्टा गरजेपेक्षा रुंद ठेवला होता.

ब्लू जेजना मी डिव्हिजनमध्ये पाचवे ठेवले होते. ते ९४ जिंकून पहिले आले. पण त्याच डिव्हिजनमध्ये यँकीजचेही ९४च आहेत. आपसातल्या सामन्यांत ब्लू जेज सरस म्हणून पहिला क्रमांक त्यांचा. धावांचे पाहावे: ब्लू जेजनी दिल्या त्यापेक्षा ७७ जास्त काढल्या, यँकीजनी १६४ जास्त. ७६वरून ९४ हे नुसत्या नशिबाने होत नाही, तो संघ खरोखर सुधारला. तरी सूत्र त्यांना ८८ देते आणि यँकीजना ९७.

रॉकीज ४३ विजय, ११९ पराभव. अंदाजापेक्षा २४ने कमी, तीस संघांत सर्वांत मोठा फरक. १० मेला पाद्रेजकडून ०-२१ असा पराभव, दुसऱ्या दिवशी सामना जिंकूनही मॅनेजर बड ब्लॅक यांना काढले, तेव्हा संघ ७-३३ होता. वर्षभरात ५९७ धावा काढल्या, १,०२१ दिल्या. ४२४चा हा खड्डा आधुनिक काळात कुणाचाच नाही. इथे सूत्रही ४४च म्हणते, त्यामुळे दुर्दैव म्हणून काही वजा करता येत नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे. तिथल्या विरळ हवेत कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, नीट वळत नाही आणि फटका लांब जातो, म्हणून तिथे यायला पिचर सहजी तयार होत नाहीत. प्रत्येक तळाचा संघ मधोमध सरकतो असे माझे सूत्र धरते. सरकण्यासाठी संघाने काहीतरी नवे उभारावे लागते, आणि ते उभे राहते आहे की नाही हे धावांत दिसत नाही. माझ्या पद्धतीची हद्द मला इथे स्पष्ट दिसली.

आणि मेट्स. ४५-२४ नंतर ३८-५५. एकूण ८३. सिनसिनाटी रेड्सही ८३, दोघेही शेवटच्या दिवशी हरले. मेट्स मायामीत ०-४. आपसातल्या सामन्यांत रेड्स पुढे होते म्हणून शेवटचे वाइल्ड कार्ड त्यांना मिळाले. मार्चचा आकडा सातने चुकला, जूनचा सोळाने. ९३ सामन्यांचे योगायोगाचे विचलन ४.८ येते, म्हणजे सोळा हे तिपटीहून जास्त. नुसते नशीब म्हणून हे सोडून देता येत नाही. पिचिंग ढासळले, सेंगा परतल्यावर पहिल्यासारखा राहिला नाही आणि सप्टेंबरात त्याला मायनर लीगमध्ये जावे लागले. सोटोने मात्र आपले काम केले, ४३ होमरन. भाच्याला रात्री फोन केला. “मावशी, आज आकडे नको,” म्हणाला. मग त्याच्या नव्या घराबद्दल बोललो.

५ ऑक्टोबर, रविवार

२०२६च्या फाइलला सुरुवात. तीन बदल करते आहे. एकाच वर्षाच्या धावांऐवजी तीन वर्षांच्या घेणार, टॉम टँगो यांच्या मार्सेल पद्धतीप्रमाणे ५, ४, ३ अशा वजनाने, म्हणजे एखादे विचित्र वर्ष एकटे सगळा निकाल लावणार नाही. खेळाडूंच्या ये-जेचे विजय मनाला वाटतील त्याच्या निम्मेच द्यायचे. पट्टा नऊऐवजी आठ. हे बदल जुन्या हंगामांवर आधी चालवून पाहायचे आणि तिथे टिकले तरच ठेवायचे.

तोवर जुन्याच पद्धतीने निघालेले २०२६चे काही कच्चे आकडे नोंदवते: यँकीज ९०, ब्लू जेज ८५, रॉकीज ५९. वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) संपली की खेळाडूंचा बाजार उघडेल. काइल टकरचा करार संपतो आहे, तो कुठे जातो त्यावर कब्सचा आकडा ठरेल.